तार फार ताणू नका : ध्यानात आणि घरात निवांतपणा कसा आणावा



वर्षावासात आणि पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे ध्यानाला बसण्याची पद्धत आता बऱ्याच वस्त्यांतील विहारांत रुळली आहे. या पानाच्या कामानिमित्त आम्हीही अशा बैठकांना बसतो. मागे एकदा बैठक चालू असताना आम्ही हळूच डोळे उघडून सभोवार पाहिले. कुणाच्या भुवया आवळलेल्या, कुणाचे दातावर दात, कुणाचे खांदे वर चढलेले, तर कुणाच्या मुठी गच्च वळलेल्या. बसलेले सगळे शांत, पण शरीरे मात्र ओझे उचलल्यासारखी ताणलेली.

बैठक संपल्यावर एक ताई म्हणाल्या, "ध्यान केलं की माझं डोकंच दुखतं. मला काही ते जमायचं नाही." शेजारचे काका हसून म्हणाले, "मला तर पाच मिनिटांत डुलकी लागते." आणि एक तरुण कार्यकर्ता थोडा चिडूनच म्हणाला, "आपल्याला लढायचं आहे. डोळे मिटून निवांत बसून काय होणार?"

तिन्ही बोलणी आम्हाला खरी वाटली. म्हणून या वेळचा पाठ या तिघांसाठी आणि त्यांच्यासारख्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.

पस्सद्धी : बोधीचे एक अंग

बुद्धांनी बोधीची सात अंगे सांगितली, त्यांना आपण सप्त बोज्झंग म्हणतो : स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, पस्सद्धी, समाधी आणि उपेक्षा. यातील स्मृती, वीर्य, समाधी हे शब्द आपल्या कानावर नेहमी पडतात. पाचव्या अंगाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. पस्सद्धी म्हणजे शांत होणे, सैल होणे, निवांत होणे. तिचे दोन भाग आहेत. एक कायेची पस्सद्धी, म्हणजे शरीर निवणे, आणि दुसरी चित्ताची पस्सद्धी, म्हणजे मन निवणे.

आता क्रम पाहा. पस्सद्धी समाधीच्या आधी येते. म्हणजे आधी शरीर-मन सैल होते आणि मग चित्त एकाग्र होते. आपण बहुतेक जण उलटे करतो. आधी मन एकाग्र करायला जबरदस्ती करतो आणि त्यातून निवांतपणा येईल अशी वाट पाहतो. तो येत नाही. डोके मात्र दुखते.

डोके दुखणाऱ्या ताईंसाठी : सोणाची गोष्ट

चंपा नगरीतील एका श्रेष्ठीचा मुलगा सोण हा भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात तो राहत होता. चालत ध्यान करताना त्याने इतका अतिरेक केला की तळपाय फुटले आणि चालण्याची जागा रक्ताने माखली. एवढे करूनही मन मुक्त होईना. तेव्हा त्याला वाटू लागले, यापेक्षा घरी परत जावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा.

बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण गृहस्थ असताना वीणा उत्तम वाजवत असे. बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजायची का? सोण म्हणाला, नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. बेताने लावल्या तर? तेव्हाच ती सुरात वाजायची. बुद्ध म्हणाले, प्रयत्नांचेही तसेच आहे. अति ताणले तर मन अस्वस्थ होते आणि फार सैल सोडले तर आळस येतो. सोणाने आपले प्रयत्न बेताचे केले आणि पुढे तो अर्हत झाला.

भीमगीतांच्या कार्यक्रमात आपण हे नेहमी पाहतो. ढोलकीवाला आधी सूर जमवून घेतो. फार ताणली तर आवाज चिरका येतो आणि सैल राहिली तर बद्द वाजते.

या गोष्टीचा पुढचा भाग आरोग्याच्या पानासाठी महत्त्वाचा आहे. बुद्धांनी सोणाच्या नाजूक तळपायांकडे पाहून त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, सगळ्या संघाला परवानगी असेल तरच मी वापरीन. तेव्हा बुद्धांनी ती साऱ्या भिक्खूंना दिली. म्हणजे उपदेश मनाला मिळाला आणि वहाणा पायांना. शरीराचे दुखणे बुद्धांनी क्षुल्लक मानले नाही. गुडघे दुखत असताना मांडी घालून बसण्याचा हट्ट आपणही धरू नये.

शरीरात काय घडते

अंगावर कुत्रे धावून आले तर काय होते? छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, खांदे-मान-जबडा आवळतो, तोंड कोरडे पडते. पळण्यासाठी किंवा सामना करण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. कुत्रे गेले की शरीर पुन्हा निवायला हवे.

पण आपल्या वस्तीतील माणसाचे 'कुत्रे' दिवसभर जातच नाही. पहाटे पाण्याची वेळ, मग संडासाची रांग, कामावर उशीर झाला तर खाडा, मुलांची फी, हप्ता, झोपडी तुटण्याची भीती, आणि कामाच्या ठिकाणी जातीवरून ऐकावे लागणारे टोमणे. शरीर सतत तयारीत राहते. मग झोप लागत नाही, पित्त वाढते, मान आणि डोके दुखते, चिडचिड होते. अशा ताणाने बीपी आणि साखर असलेल्यांचा त्रासही वाढू शकतो.

यावर निसर्गाने शरीरातच एक ब्रेक दिला आहे, तो म्हणजे सोडलेला श्वास. एक छोटा प्रयोग करून पाहा. मनगटावर अंगठ्याच्या खाली बोटे ठेवून नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने आणि सोडताना किंचित संथ चालते. तरुणांना हे चटकन जाणवते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेली एक मोठी नस श्वास सोडताना हृदयाला सावकाश चालायला सांगते. म्हणून लांब, सैल उच्छ्वास हा निवांतपणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला ना जागा लागते, ना पैसा.

आनापानसती सुत्तात बुद्धांनी श्वासाच्या सरावाच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातील पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढेच जाणायचे आहे. तिसरीत साऱ्या शरीराचे भान ठेवायचे आणि चौथीत शरीराची हालचाल शांत होऊ द्यायची. श्वासाशी कुस्ती करा असे कुठेही सांगितलेले नाही.

दहा मिनिटांची बैठक

घर एका खोलीचे असले तरी ही बैठक होते. वेळ आपापल्या सोयीने ठरवा.

१. जागा. भिंतीला पाठ टेकवा. बुडाखाली गोधडीची घडी ठेवा, म्हणजे कंबर सरळ राहते. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर खुर्चीवर किंवा स्टुलावर बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकू द्या. पाठ सरळ असावी, पण ताठरलेली नसावी.

२. सैल करणे. वरून खाली या. कपाळ सैल. वरचे-खालचे दात एकमेकांना लागू देऊ नका, जीभ तोंडात सैल पडू द्या. खांदे एकदा वर उचला आणि सोडून द्या. मुठी उघडा. पोट आत ओढून धरले असेल तर सोडा.

३. पाच-सहा लांब उच्छ्वास. मनात तीन मोजत श्वास घ्या आणि पाच मोजत सोडा. जमत नसेल तर आकडे कमी करा. श्वास कोंडून धरू नका. चक्कर येऊ लागली तर जोर जास्त होतोय असे समजा आणि नेहमीचा श्वास घ्या.

४. आता मोजणे सोडा. ते फक्त तयारीपुरते होते. श्वास आपोआप येतो, जातो. नाकाशी किंवा पोटाशी, जिथे स्पष्ट जाणवेल तिथे लक्ष ठेवा.

५. मन जाणारच. शेजारचा टीव्ही, कुकरची शिटी, उद्याची उधारी, कशाकडे तरी ते जाईल. गेल्याचे कळले, तेवढ्यानेच स्मृती जागी झाली. लहान पोर रस्त्यात भटकले तर आपण त्याला बोट धरून परत आणतो. मनालाही तसेच आणा, कान पिरगाळून नको.

६. मध्ये एकदा जबडा आणि खांदे तपासा. नकळत पुन्हा आवळलेले असतात. परत सैल सोडा.

७. उठताना घाई नको. डोळे उघडा, हात-पाय हलवा, मग उठा.

आज मन किती वेळ एकाग्र राहिले याचा हिशेब करू नका. बसताना जेवढे ताणलेले होतो, त्यापेक्षा उठताना थोडे सैल झालो का, एवढेच पाहा. काही दिवस फरक वाटणार नाही, तरी चालेल.

डुलकी लागणाऱ्या काकांसाठी

काकांनी ओशाळण्याचे कारण नाही. बुद्धांचे अग्रश्रावक महामोग्गल्लान हेसुद्धा सुरुवातीच्या काळात ध्यानात पेंगत बसले होते. बुद्धांनी त्यांना रागावून बाहेर काढले नाही. एकामागून एक उपाय सांगितले : मनातील विषय बदल, धम्म आठव, पाठ केलेला धम्म म्हण, कान ओढ आणि अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, वर चांदण्यांकडे पाहा, मनात उजेड आण, उठून चालत ध्यान कर. आणि एवढे करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर, उठायचे भान ठेवून झोप.

शेवटचा उपाय ध्यानात घ्या. शरीराला खरोखर झोप हवी असेल तर ती देणे हाही धम्मच आहे. रात्रपाळी करून आलेला वॉचमन किंवा पहाटेपासून राबलेली माणसे बसल्या बसल्या पेंगली, तर त्यात आळस नाही, थकवा आहे. अशांनी आधी झोप पुरी करावी. एरवी डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवावेत किंवा विहाराच्या आवारात पावलांकडे लक्ष देत सावकाश चालावे. रात्री मोठ्याने घोरणे आणि पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगणे, अशी दोन्ही लक्षणे असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

दिवसभरात निवांतपणाच्या जागा

सकाळची बैठक झाली आणि दिवसभर दात आवळून फिरलो, तर उपयोग थोडा. दिवसातल्या ठरलेल्या कामांना एक-एक सैल उच्छ्वास जोडून द्या.

नळावर हंडा भरत असताना खांदे खाली सोडा. हंडा उचलताना श्वास कोंडू नका, सोडत उचला. बसमध्ये किंवा लोकलमध्ये उभे असताना दांडी धरण्यापुतीच पकड ठेवा, बाकीचा हात सैल. फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास सोडा. पोराच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला गेला, तर तो खाली येण्याआधी एक श्वास सोडा. हा एक श्वास पुष्कळ भांडणे टाळतो. चहा पिताना पहिले दोन घोट तरी फक्त चहा प्या. आणि झोपण्याआधी मोबाईल अर्धा तास लांब ठेवा.

घरात निवांतपणा कोणाच्या वाट्याला येतो?

हा प्रश्न आपण घराघरात विचारला पाहिजे. अनेक घरांत पुरुष कामावरून आला की हातपाय धुऊन बसतो. बाईही कामावरूनच आलेली असते, पण ती थेट ओट्याकडे वळते. सगळ्यांत आधी तिचा दिवस सुरू होतो आणि सगळ्यांत शेवटी संपतो. तिला "ताई, रोज दहा मिनिटे ध्यान करा" असे सांगून आपण मोकळे झालो, तर तो तिच्या कामांच्या यादीत आणखी एका कामाचा बोजा होईल.

तिला दहा मिनिटे निवांत बसता यावे म्हणून कुणीतरी कुकरच्या शिट्या मोजल्या पाहिजेत, पोराला बाहेर फिरवून आणले पाहिजे, भांडी विसळली पाहिजेत. नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी हे करावे. आमच्या मते घरातील खरी मैत्री भावना ती हीच.

उसना निवांतपणा

दिवसभर राबलेल्या माणसाला निवांत व्हावेसे वाटणारच. ती भूक खोटी नाही. पण ती भागवायला अनेक जण गुत्त्याकडे वळतात किंवा तंबाखू-गुटख्याची पुडी फोडतात. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण रात्री ती मोडते आणि रोजच्या पिण्याने बीपी वाढते. तंबाखूने बरे वाटते ते बहुतेक तलफ भागल्याचे. तंबाखूने हृदयाचे ठोके उलट वाढतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आपल्या घरांच्या भल्यासाठीच.

एक इशारा मात्र देतो. जो रोज खूप पितो त्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असा धोका असतो. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

शील आणि निवांतपणा यांचे नाते बुद्धांनी आनंदाला उलगडून सांगितले होते. शील पाळले की मनाला टोचणी राहत नाही. टोचणी नसली की मन प्रसन्न होते. त्यातून प्रीती, प्रीतीतून पस्सद्धी, पस्सद्धीतून सुख आणि सुखातून समाधी. खोटे बोलून, कुणाला फसवून किंवा घरात हात उगारून रात्री गादीवर पडलेल्या माणसाला कोणतेही श्वासाचे तंत्र झोप देऊ शकत नाही. पण याचा उलटा अर्थ लावू नका. भाडे थकले, मजुरी मिळाली नाही म्हणून झोप उडाली, तर त्यात त्या माणसाच्या शीलाचा काही दोष नाही.

कार्यकर्त्याच्या प्रश्नाला उत्तर

आता त्या तरुण मित्राकडे वळू. त्याचा प्रश्न योग्य आहे. तुंबलेले गटार श्वास सोडून मोकळे होत नाही. गरिबाला "ध्यान लाव, सगळे ठीक होईल" असे सांगणे हा धम्म नव्हे. आळवी येथे एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी, थकून बुद्धांच्या सभेत आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट शांत झाल्यावरच उपदेश सुरू केला. आधी अन्न, मग धम्म, हा क्रम खुद्द बुद्धांचा आहे.

दुसरी गोष्ट. विश्रांती म्हणजे आळस, हे आपल्याला राबवून घेणाऱ्यांनी शिकवलेले आहे. बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कारखान्यातील कामगारांना पगारी रजा मिळावी म्हणून १९४५ साली कायद्यात दुरुस्ती पुढे आणली. बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच प्रयत्नांतून आली. राबणाऱ्या माणसाची विश्रांती त्यांनी हक्क म्हणून कायद्यात लिहिली. घरकाम, नाक्यावरचे काम, ठेक्यावरची सफाई करणाऱ्या आपल्या अनेक माणसांना पगारी सुट्टी आजही मिळत नाही. म्हणजे निवांतपणा हा आपल्या लढ्याचाच एक विषय आहे.

तिसरी गोष्ट अनुभवाची. पाण्याच्या तक्रारीसाठी वस्तीचे शिष्टमंडळ कार्यालयात जाते. जो संतापाने थरथरत असतो त्याला अधिकारी सहज बोलण्यात गुंतवतो आणि मूळ अर्ज बाजूला राहतो. जो निवांत असतो तो अर्ज वाचून दाखवतो, पोच घेतो, तारीख विचारतो आणि त्या तारखेला पुन्हा हजर होतो. राग खराच असतो, पण तो हातात असला पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मार्ग लांबचा आहे आणि दात आवळून लांब चालता येत नाही. सोणाचे पाय तेच सांगतात.

डॉक्टरकडे कधी जावे

ध्यान हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. बीपीची, साखरेची किंवा मानसिक आजाराची गोळी ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात बीपी तपासून घ्यावे. पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार सुरू करावेत. छातीत दाब येणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, असे अचानक झाले तर श्वासाचे प्रयोग करीत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

डोळे मिटले की काहींना जुने भयंकर प्रसंग आठवतात, घाबरायला होते. अशांनी डोळे उघडावेत, समोरच्या वस्तू पाहाव्यात, कुणाशी तरी बोलावे. त्या दिवशी ध्यान नाही केले तरी चालेल. सतत उदास वाटत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांना सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येते.

येत्या पौर्णिमेला विहारात बसाल तेव्हा एवढेच करून पाहा : बसल्यावर आधी जबडा सोडा, मग खांदे, मग मुठी, आणि एक लांब श्वास सोडा. डोके दुखणाऱ्या त्या ताईंनाही आम्ही एवढेच सांगितले होते. पुढच्या बैठकीला त्या भिंतीला टेकून बसल्या. उठल्यावर म्हणाल्या, "आज ध्यान झालं की नाही, ते ठाऊक नाही. पण बरं वाटलं." आम्ही म्हटले, ताई, सुरुवात तिथूनच होते.

नमो बुद्धाय. जयभीम.